वर्षासनाची आजची किंमत

श्रोतेहो, आपल्या जालना जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत एक प्रश्न पुष्कळ घरांत निघाला. जमीन रस्त्यात जाते, तलावात जाते, एखाद्या कारखान्याच्या वसाहतीत जाते. मग घरातली मंडळी ओसरीवर बसतात आणि बोलणे सुरू होते : पैसे एकदम घ्यावेत की दरसाल थोडे थोडे? म्हातारे एक म्हणतात, मुलगे दुसरेच म्हणतात, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे की, हा प्रश्न आवाजाने सोडवायचा नाही, हिशेबाने सोडवायचा आहे. हा हिशेब शाळेतल्या मुलालाही संगणकावर करता येतो. मात्र संगणकाला काय विचारावे हे आपल्याला ठाऊक हवे.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आपल्या बदनापूर आणि जालना या तालुक्यांतून गेला आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. त्याच्या आरंभी, २०१६ साली, जमीन एकत्र करण्याची जी योजना मांडली गेली, तीत विकसित भूखंड आणि त्याबरोबर १० वर्षे दरसाल काही रक्कम, असा प्रस्ताव होता. पुढे थेट खरेदीचा मार्ग खुला झाला आणि बहुतेकांनी एकरकमी पैसे घेतले. म्हणजे एकदम की दरसाल, हा प्रश्न आपल्या दाराशी येऊन गेलेला आहे.

हाच प्रश्न देशाच्या कायद्यातही आहे. १८९४ चा जुना भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बाधित कुटुंबाच्या पुनर्वसनासाठी, जमिनीच्या मोबदल्याखेरीज, काही पर्याय दिले आहेत. प्रकल्पात नोकऱ्या निर्माण होत असतील तर नोकरी. नाहीतर एकदाच ५ लाख रुपये. किंवा दरमहा निदान २,००० रुपये याप्रमाणे २० वर्षे. या शेवटच्या पर्यायात शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे, म्हणजे महागाईप्रमाणे, वाढही द्यायची आहे. कोणत्या प्रकल्पाला कोणता कायदा लागू होतो, ते भूसंपादन कार्यालयात विचारून घ्यावे. आपण उदाहरणासाठी हे आकडे धरू.

आता साधा माणूस काय करतो? २० वर्षांचे महिने २४०. गुणिले २,०००. झाले ४ लाख ८० हजार. तो म्हणतो, "पाच लाखांत आणि यात वीस हजारांचाच फरक आहे की! शिवाय महागाईची वाढ मिळणार. मग महिन्याचेच बरे." ही बेरीज चुकलेली नाही, पण ती करणेच चूक आहे. का, ते पाहू.

खेड्यातल्या माणसाला हे शिकवण्याची खरे तर गरज नाही. पेरणीच्या वेळी धान्य उसने घेऊन सुगीला सवाईने किंवा दिडीने फेडण्याची चाल आपल्या वाडवडिलांनी भोगलेली आहे. आज एक पायली घेतली तर सुगीला दीड पायली द्यायची. याचा अर्थ असा की, त्या व्यवहारात सुगीच्या दीड पायलीची आजची किंमत एक पायली होती. आज हातात असलेला दाणा आणि पुढे मिळायचा दाणा यांची बरोबरी होत नाही. रुपयाचेही तसेच. बँक शेकडा ८ व्याज देत असेल, तर आजचे १०० रुपये वर्षाने १०८ होतात. उलट बाजूने पाहा : वर्षाने मिळायच्या १०८ रुपयांची आजची किंमत १०० आहे.

दरसाल ठराविक मिळणाऱ्या रकमेला आपल्याकडे वर्षासन असा जुना शब्द आहे. समजा, १० वर्षे दरसाल १०,००० रुपयांचे वर्षासन आहे, पैसे वर्षाच्या शेवटी मिळतात आणि व्याजाचा दर ८ टक्के आहे. पहिल्या वर्षाच्या १०,००० ची आजची किंमत ९,२५९ रुपये. दुसऱ्या वर्षाच्या १०,००० ला १.०८ ने दोनदा भागायचे, आले ८,५७३. तिसऱ्याचे ७,९३८. असे करीत दहाव्या वर्षाचे १०,००० आज केवळ ४,६३२ रुपयांचे ठरतात. या दहा रकमांची बेरीज ६७,१०१ रुपये. तोंडाने आपण एक लाख म्हणतो. आजच्या बाजारात तो ६७ हजारांचा आहे.

दहा वेळा भागाकार करण्याऐवजी एक सूत्र आहे, आणि ते पाठ न करता समजूनही घेता येते. १,२५,००० रुपये ८ टक्क्यांनी ठेवले तर दरसाल १०,००० व्याज मिळते आणि मुद्दल कायम राहते. म्हणजे कधीही न संपणाऱ्या १०,००० च्या वर्षासनाची किंमत १,२५,०००. पण आपले वर्षासन दहाच वर्षांचे आहे. म्हणून असे समजा की, आज तुम्हाला १,२५,००० दिले, पण दहा वर्षांनी तेवढेच परत करायचे. दहा वर्षांनंतरच्या १,२५,००० ची आजची किंमत ५७,८९९. ती वजा केली की राहिले ६७,१०१. हिशेब जुळला.

हेच शब्दांत मांडायचे तर असे : दर अपूर्णांकात घ्या, म्हणजे ८ टक्क्यांचे ०.०८ करा. त्यात १ मिळवा. आलेल्या संख्येचा मुदतीइतका ऋण घात काढा. तो १ मधून वजा करा. बाकीला दराने भागा आणि हप्त्याने गुणा. पैसे वर्षाच्या शेवटी न मिळता सुरुवातीला मिळणार असतील, तर उत्तराला आणखी एकदा १.०८ ने गुणा. आपल्या उदाहरणात ते ७२,४६९ होईल. करारपत्रात "वर्षाच्या आरंभी" लिहिले आहे की "अखेरीस", या एका शब्दाची किंमत ५ हजार रुपयांहून अधिक आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

या सूत्रात अवघड भाग एकच, तो म्हणजे घात. २४० महिन्यांचा घात हाताने काढायला बसलात तर दिवस मावळेल. ही अडचण जुनी आहे. मुद्दल, व्याज आणि काळ यांची उदाहरणे ११५० सालच्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही आहेत. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. पुढे १६१४ साली स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने लॉगॅरिथमची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यामुळे गुणाकाराची बेरीज झाली आणि घाताचा साधा गुणाकार झाला. धूमकेतूमुळे ज्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे, त्या एडमंड हॅलीने १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून, कोणत्या वयाच्या माणसाच्या आजन्म वर्षासनाची आज किती किंमत व्हावी, याचे कोष्टक तयार केले. विम्याचा सारा धंदा पुढे याच हिशेबावर उभा राहिला. आपल्यापैकी जुन्या शिक्षकांनी कॉलेजात क्लार्कच्या टेबलांची पाने उलटली असतील. लॉग काढा, गुणा, अँटिलॉग काढा. संगणकही पोटात जवळजवळ तेच करतो. फरक एवढाच की तो चार आकड्यांऐवजी पंधरा-सोळा आकडे सांभाळतो आणि निमिषात उत्तर देतो.

आता संगणकाकडे वळू. संगणकाला आज्ञा देण्याच्या अनेक भाषा आहेत. त्यांपैकी 'सी' नावाची भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केली. ती आजही शिकवली जाते आणि वापरलीही जाते. या भाषेबरोबर गणिती फलनांचा एक तयार संच मिळतो. त्याला मॅथ लायब्ररी म्हणतात. घात, लॉगॅरिथम, वर्गमूळ अशी कामे करणारी फलने तीत ठेवलेली असतात. शेजाऱ्याकडून तिफण आणावी तसे ते फलन नावाने मागवायचे आणि काम करून घ्यायचे.

आपल्याला लागणारे फलन 'पॉव'. अक्षरे पी, ओ, डब्ल्यू. त्याला दोन संख्या द्यायच्या : पहिली पाया, दुसरी घात. पाया १.०८ आणि घात उणे १० दिला की ते ०.४६३१९ परत देते. बाकीचे म्हणजे एक वजाबाकी, एक भागाकार आणि एक गुणाकार. आज्ञावलीच्या आरंभी 'मॅथ डॉट एच' ही फाइल जोडल्याचे सांगायचे. लिनक्सवर आज्ञावली तयार करताना शेवटी 'हायफन एल एम' ही अक्षरेही बहुधा लिहावी लागतात. ती विसरली तर 'पॉव' सापडत नाही अशी तक्रार येते आणि नवा विद्यार्थी घाबरतो. घाबरू नये.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात सांगाव्यात अशा तीन चुका येथे सांगतो.

पहिली चूक घाताच्या चिन्हाची. पुष्कळ ठिकाणी टोपीसारखे चिन्ह घातासाठी वापरतात. सी भाषेत त्या चिन्हाचा अर्थ निराळा आहे. २ टोपी १० असे लिहिले तर आपल्याला १,०२४ अपेक्षित असतात. सी उत्तर देते ८. म्हणून घात हवा तर 'पॉव'च वापरावे.

दुसरी चूक माझ्या हातून झालेली आहे. महिन्याचा दर काढण्यासाठी ८ टक्क्यांना १०० ने आणि १२ ने, म्हणजे १,२०० ने भागायचे. मी ८ भागिले १,२०० असे सरळ लिहिले. सी भाषेत दोन्ही संख्या पूर्णांक असतील तर भागाकारही पूर्णांकच येतो, अपूर्णांक टाकून दिला जातो. दर झाला शून्य. पुढे शून्याला शून्याने भागावे लागले आणि पडद्यावर आकड्याऐवजी 'नॅन' अशी अक्षरे उमटली. म्हणजे 'हा आकडाच नव्हे'. अर्धा तास मी सूत्रातच दोष शोधत बसलो होतो. ८ च्या जागी ८.० लिहिले आणि काम झाले.

तिसरी चूक याहून वाईट, कारण ती दिसत नाही. दर साठवण्यासाठी 'डबल' ऐवजी 'इन्ट' जातीची जागा घेतली आणि दर साडेसात टक्के असला, तर संगणक अर्धा टक्का गिळतो आणि सात धरतो. २० वर्षे दरमहा २,००० यांची आजची किंमत साडेसात टक्क्यांनी २,४८,२६४ रुपये येते. सात टक्क्यांनी २,५७,९६५. उत्तर दिसायला ठीकठाक, पण पावणेदहा हजारांनी चूक. 'नॅन' आले तर माणूस थांबतो तरी. येथे तो कागद घेऊन घरी जातो.

आता कायद्यातल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आधी महागाईची वाढ बाजूला ठेवा. दरमहा २,०००, महिने २४०, वार्षिक दर ८ टक्के. आजची किंमत आली २,३९,१०९ रुपये. दर ६ टक्के धरला तर २,७९,१६२. वीस हजारांचा वाटलेला फरक दोन-अडीच लाखांचा निघाला! हेच उलटे विचारून पाहा : ५ लाख रुपये ८ टक्क्यांनी ठेवून २० वर्षांत मुद्दलासह संपवायचे, तर दरमहा किती घेता येतील? ४,१८२ रुपये. दर ६ टक्के असला तरी ३,५८२. दोन हजारांच्या समोर हे आकडे ठेवले म्हणजे घरातल्या आजीलाही ते समजतात.

पण थांबा. कायदा महागाईप्रमाणे वाढ द्यायला सांगतो. ती सोडून हिशेब मांडणे म्हणजे दुसऱ्या बाजूवर अन्याय. सोपेपणासाठी ही वाढ दर महिन्याला थोडी थोडी होते असे धरू. मग सूत्रात थोडा बदल होतो. भागायचे ते दराने नव्हे, तर व्याजाच्या दरातून वाढीचा दर वजा करून जे उरेल त्याने. आणि घात काढायचा तो व्याजाच्या गुणकाला वाढीच्या गुणकाने भागून जे येईल त्याचा. व्याज ८ टक्के आणि महागाई ५ टक्के धरली, तर आजची किंमत सुमारे ३ लाख ६० हजार येते. ती मघापेक्षा बरीच वाढली, तरी ५ लाखांपेक्षा कमीच.

आता व्याज ८ आणि महागाईही ८ धरा. वजाबाकी शून्य. पुन्हा शून्याला शून्याने भागाकार, पुन्हा 'नॅन'. मघाशी ती माझी चूक होती, या वेळी तशी कोणाचीच चूक नाही. महागाई जेवढे वाढवते तेवढेच व्याज खाते, म्हणून प्रत्येक हप्त्याची आजची किंमत सारखीच. तेव्हा सूत्र बाजूला ठेवायचे आणि सरळ २४० ने गुणायचे. उत्तर सुमारे ४ लाख ७७ हजार. म्हणून आज्ञावलीत आधीच लिहून ठेवावे : दोन्ही दर समान असतील तर हा मार्ग, नसतील तर तो. दोन दरांत अगदी सूक्ष्म फरक असेल तेव्हा 'पॉव' वापरून वजाबाकी करताना शेवटचे आकडे गळतात. त्यासाठी सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात 'लॉग-वन-पी' आणि 'एक्स्प-एम-वन' ही दोन फलने घातलेली आहेत. पुढच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ती जरूर पाहावीत.

आणि व्याज ६, महागाई ८ असली तर? मग महिन्याच्या रकमेची आजची किंमत ५ लाख ८६ हजार होते आणि पारडे फिरते. एकूण असे दिसते की, २० वर्षांच्या सरासरीने महागाई बँकेच्या व्याजापेक्षा सुमारे अर्धा टक्का वरचढ राहिली, तर दोन्ही पर्याय सारखे. त्याहून अधिक वरचढ राहिली तर महिन्याची रक्कम बरी, नाहीतर एकरकमी बरी. संगणकाने प्रश्नाचे उत्तर दिले असे मी म्हणणार नाही. त्याने प्रश्न लहान केला. "एकदम की दरमहा" याऐवजी आता "व्याज मोठे की महागाई" एवढेच विचारायचे राहिले, आणि त्यावर चार शहाणी माणसे बसून बोलू शकतात.

आणखी एक फलन सांगतो, 'लॉग'. समजा, ५ लाख घेतले, ८ टक्क्यांनी ठेवले आणि दरमहा ५,००० काढायचे ठरवले. पैसे किती दिवस पुरतील? मुद्दलाला महिन्याच्या दराने गुणा, काढायच्या रकमेने भागा, १ मधून वजा करा, त्याचा लॉग घ्या, त्याला एक अधिक दराच्या लॉगने भागा आणि चिन्ह उलटे करा. उत्तर १६५ महिने, म्हणजे पावणेचौदा वर्षे. ४,००० काढले तर साडेबावीस वर्षांच्या जवळपास. ३,००० काढले तर मात्र संगणक पुन्हा 'नॅन' म्हणतो, कारण ऋण संख्येचा लॉग निघत नाही. याचा अर्थ घरच्या भाषेत असा : महिन्याचे व्याजच ३,३३३ आहे, त्याहून कमी काढाल तर पैसे कधी संपतच नाहीत. सूत्र जेथे अडते तेथे थांबून कारण विचारावे. पुष्कळदा तेथेच शिकण्यासारखे काही असते.

श्रोतेहो, हा सारा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे. ५ लाख खरोखर बँकेत राहिले पाहिजेत. लग्नात, मोटारीत किंवा भावकीच्या कज्जात ते दोन वर्षांत संपले, तर ८ टक्क्यांचा हिशेब कागदावरच राहील, आणि महिन्याचे २,००० घेणारा शेजारी अधिक शहाणा ठरेल. ज्या घरात पैसा टिकत नाही, त्या घरासाठी दरमहा येणारी रक्कम हेच एक कुंपण आहे. हे कोणत्याही फलनात बसत नाही. ते आपले आपणच ओळखायचे. तसेच ८ टक्के हा दर मी उदाहरणाला घेतला. आपल्याला बँकेत प्रत्यक्ष जो मिळतो तो घालावा, आणि तो २० वर्षे तसाच राहील असे समजू नये. दोन-तीन निरनिराळे दर घालून पाहावेत.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. चक्रवाढ व्याजाचे गणित शिकवून झाले की हे उदाहरण फळ्यावर घ्यावे. शाळेत संगणक असेल तर मुलांकडून ही दहा-बारा ओळींची आज्ञावली लिहून घ्यावी. संगणक नसेल तर दहा वर्षांचे कोष्टक हाताने करून घ्यावे. तेही तितकेच चांगले. मग घरी कधी हा प्रश्न निघाला तर कागदावर कोणीतरी सही करण्याआधी, त्याच घरातले सातवी-आठवीतले पोर म्हणेल, "आबा, थांबा. आधी आजची किंमत काढू." एवढे झाले तरी पुरे.